टकटक माने आणि कमलचा दात

"राखेला कुणी हात लावायचा न्हाई," असं म्हणून मानेभाऊ चितेच्या जागेपाशी उकिडवे बसले, आणि सावडायला जमलेली माणसं दुधापाण्याची भांडी हातात धरून तशीच उभी राहिली.

तिसरा दिवस होता. ऊन चढत होतं. बाजूच्या ओट्यावर आमची जागा रिकामी व्हायची वाट बघत दुसरी तिरडी येऊन थांबली होती आणि तिच्याबरोबरची माणसं आमच्याकडे बघत होती. मानेभाऊंचा मुलगा संदीप अस्थींचं मडकं घेऊन उभा. त्याला वाटलं, वडिलांचा तोल गेला. वाटणारच. बायको जाऊन तीन दिवस झाले नाहीत आणि हा माणूस राखेत बोटं घालून म्हणतोय, "आयटम मिळाल्याशिवाय लॉट हलणार न्हाई."

"बाबा, कसला आयटम?"

"तुझ्या आईच्या दाताची कॅप."

बार्शीहून आलेला कमलचा भाऊ डोळे पुसत होता, तो पुसायचा थांबला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी त्यांची शेजारीण, मला ठाऊक होतं हा काय शोधतोय आणि कशासाठी. तिथं ते मला एकटीलाच ठाऊक होतं.

बायकांनी सावडायला जायचं नसतं. मी गेले होते. कमलला शेवटची आंघोळ मी घातली तेव्हा कुणी अडवलं नाही, मग आता कशाला अडवता, असं विचारलं. मी रिक्षात बसले.

मानेभाऊ वेडे नाहीत. वेडे असते तर सोपं झालं असतं, लोकांनी सोडून दिलं असतं. त्यांना आमच्या सगळ्या कॉलनीत टकटक माने म्हणतात. ते का, हे आधी सांगितलं पाहिजे.

आमची घरं निगडीला, एकाला एक चिकटून. मधली भिंत एकच, तीही पातळ. त्यांच्याकडे फोडणी पडली की मला शिंक येते. कमल आणि मानेभाऊ बार्शीकडचे, आम्ही इथलेच, मावळातले. त्यांनी घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी भिंतीवर पलीकडून टकटक सुरू झाली. मला वाटलं खिळा मारतायत. बराच वेळ झाला, खिळा काही संपेना. जाऊन बघते तर हा माणूस भिंतीला कान लावून, बोटाच्या पेराने वीतवीतभर अंतरावर ठोकत चाललाय.

"भिंत तपासतोय, अक्का," म्हणाले. "इथं बद्द वाजतीय. आत पोकळी हाय."

"आत मी हाय," मी म्हणाले.

पुढे कळलं की हे कायमचंच आहे. मानेभाऊंच्या हातात कुठलीही वस्तू आली की ते आधी ती वाजवतात. माझ्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा कप उचलला, नखाने टिचकी मारली, कान पुढे केला आणि कप खाली ठेवला. "ह्याला तडा हाय. दिसत न्हाई, पण हाय." तो कप माझ्या लग्नातला. मी म्हटलं, चहा प्या, तडा पिऊ नका. प्याले नाहीत. पुढच्याच आठवड्यात मी त्या कपात गरम पाणी ओतलं आणि कान तुटून हातात आला. मी ही गोष्ट त्यांना अजून सांगितलेली नाही.

कलिंगड वाजवून घेतात, ते सगळेच घेतात. हे दुधीसुद्धा वाजवतात. नारळ वाजवतात, फरशी वाजवतात, शेजाऱ्याच्या नव्या गाडीचा दरवाजा वाजवतात. एका वर्षी गणपती आणायला गेले तर स्टॉलवर मूर्तीच्या पाठीवर टकटक. स्टॉलवाला वैतागला.

"काका, देव हाय तो."

"अजून प्रतिष्ठापना झाली न्हाई. अजून माती हाय," मानेभाऊ म्हणाले, आणि एकामागून एक गणपती वाजवत राहिले. कमल बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिने इतकी वर्षं बघितलेलं होतं, तिला काही वाटत नव्हतं. लाज मला वाटत होती.

माझी कवळीही त्यांना वाजवून बघायची होती. कमलने मला आधीच सांगून ठेवलं होतं. ते विषय काढायला लागल्यावर मी कवळी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. "घ्या." मानेभाऊंनी ती दोन बोटांनी उचलून परत दिली. पुन्हा विषय काढला नाही.

हा रोग त्यांना कंपनीत लागला. सगळं आयुष्य त्यांनी ग्राइंडिंगच्या मशीनवर काढलं, आधी पिंपरीत आणि कंपनी हलल्यावर चाकणला. लोखंड घासायला त्या मशीनला दगडासारखं गोल चाक लावतात. ते लावायच्या आधी वाजवून बघायचं, असा नियम. मधल्या भोकातून टांगायचं आणि लाकडी मुठीने चारी बाजूंनी हलकेच ठोकायचं. खणखणीत वाजलं तर लावायचं. बद्द वाजलं तर आत कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसणार नाही, पण चाक जोरात फिरायला लागलं की फुटणार. फुटलं की समोरच्या माणसाचं काय होतं ते सांगायला नको.

तरुणपणी एकदा मानेभाऊंनी शिफ्ट सुटायच्या घाईत चाक न वाजवता लावलं. ते फुटलं. तुकडा कानाजवळून जाऊन मागच्या भिंतीत बसला. कुणाला काही झालं नाही. मानेभाऊ घरी आले, पाटावर बसले, आणि कमलने मांडलेलं ताट बोटाने वाजवायला लागले.

"मला वाटलं भूक लागलीय म्हणून वाजवतायत," कमल मला सांगत होती. "मी म्हणलं, भात टाकलाय, वाजवू नका. तर म्हणाले, ताट बरं हाय. मग जेवले. मग तांब्या वाजवला. तवापासून हेच, अक्का."

निवृत्त झाल्यावर चाकं सुटली, पण हात सुटला नाही.

आता कमलचं. कमल म्हणजे ठेंगणी, गोल, हसरी. तिला फुटाणे लागायचे. साडीच्या ओच्यात फुटाणे, उशीखाली फुटाणे. आणि जेवण झालं की सुपारीचं खांड. मी तिला म्हणायचे, घोडी आहेस का. ती म्हणायची, दात हायत तवर खाते. एकदा फुटाण्यांत गणंग आला, न फुटलेला, खड्यासारखा दाणा. खालची दाढ अर्धी मोडली.

दवाखाना आमच्या कॉलनीच्या टोकालाच. डॉक्टरीण तरुण, शांत, फार न बोलणारी. कमलला सुईची भीती, म्हणून मला बरोबर नेलं. दाढेची नस काढून झाली आणि मॅडम म्हणाल्या, आता यावर कॅप बसवावी लागेल, नाहीतर उरलेला दातही मोडेल. तेव्हा मानेभाऊ खुर्ची सरकवून पुढे बसले. इतका वेळ ते खिडकीची काच वाजवत होते.

"मटेरियल काय?"

"झिर्कोनिया, काका. सिरॅमिकच, पण खूप मजबूत. रंगही दातासारखा."

"सिरॅमिक म्हणजे कपबशी."

"कपबशीपेक्षा बरंच घट्ट असतं."

"आमची चाकं पन भट्टीत भाजलेलीच असतात, मॅडम. फुटतात."

मॅडम हसल्या नाहीत. हे मला त्यांचं आवडलं. त्या म्हणाल्या, "काका, ही कॅप सहसा फुटत नाही. चांगली सांभाळली तर दहा-पंधरा वर्षं चालते, जास्तही चालते. जे जातं ते दुसरंच. खालचा दात मोडतो, आतलं सिमेंट सुटतं, हिरडी खराब होते. आणि समोरचा दात बघावा लागतो. कॅप कडक असते, वरचा दात आपला नेहमीचा असतो. तेव्हा कॅपची काळजी सोडा, आजूबाजूची घ्या."

"ते नंतर बघू," मानेभाऊ म्हणाले. "आधी पार्ट बघू."

पार्ट आला. मॅडमनी डबीतून काढला. मक्याच्या दाण्याएवढा, पांढरट पिवळा. मी इतकी वर्षं कवळी वापरतेय, तरी मला तो खराच वाटला असता. मानेभाऊंनी हात पुढे केला.

"बसवायच्या आधी वाजवून बघतो."

"काका, एवढ्याशा वस्तूचा काय आवाज येणार?"

"येईल तेवढा ऐकतो."

कमल खुर्चीत आडवी, तोंडात कापसाचे बोळे, डोळ्यांवर दिवा. ती बोलू शकत नव्हती, पण तिने हात उडवला. म्हणजे देऊन टाका, नाहीतर इथंच संध्याकाळ होईल. मॅडमनी कॅप दिली. मानेभाऊंनी ती डाव्या हाताच्या दोन नखांत धरली. आता आली पंचाईत. चाकाला मधे भोक असतं, ते टांगता येतं. याला भोक नाही. टांगल्याशिवाय आवाज खरा येत नाही म्हणे. त्यांनी खिशातून दोरा काढला. हा माणूस घरून दोरा घेऊन आला होता. दोऱ्याचा फास करून कॅपभोवती घातला, उचलली, दुसऱ्या हाताने पेन मारलं आणि कॅप उडाली.

फरशीवर टिण् असा बारीक आवाज आला. मग काही नाही.

मॅडम खाली बसल्या. मदतीची नर्स खाली बसली. मानेभाऊ पालथे झाले. मी गुडघे धरत धरत खाली बसले. सगळे रांगतायत आणि कमल खुर्चीत एकटी वर. तिने तोंडातला एक बोळा काढला आणि विचारलं, "मिळाली का हो?"

"थांब."

"मिळाली का हो?"

"तोंड मिट."

"मिटू की उघडू?"

तिला इतकं हसू आलं की खुर्ची हलायला लागली. कॅप मला सापडली, पाण्याच्या पाइपामागे. मानेभाऊंनी ती दिव्याखाली धरून सगळ्या बाजूंनी बघितली. तडा नाही, टवका नाही.

"पास," ते म्हणाले.

मॅडमनी कॅप परत धुतली, औषधात बुडवली, स्वतः नीट तपासली आणि बसवली. कमलने दात मिटून बघितले, जीभ फिरवली.

"एवढी टिकाऊ हाय म्हणता," ती म्हणाली, "मग माझ्या मागं राहील की ही."

"राहीलच," मानेभाऊ म्हणाले.

"मग सावडताना हुडका. न्हाई सापडली तर मॅडमला येऊन जाब विचारा."

मॅडम हसल्या, मी हसले, नर्सही हसली. मानेभाऊ हसले नाहीत. "हुडकीन," म्हणाले. कंपनीत कुणी काम सांगितलं की म्हणत असतील तसं.

त्या दिवसापासून रोज सकाळी पलीकडून भिंतीतून आवाज यायला लागला. आधी खुर्ची सरकल्याचा. मग "आ कर." मग स्टीलच्या चमच्याच्या दांड्याचा, टिक टिक टिक. मग थोडा वेळ शांत. मग "पास." मग चहाचं आधण. माझा दिवस त्या आवाजावर सुरू व्हायचा. घड्याळ बघायची गरज पडायची नाही.

"बाकीचे नवरे सकाळी उठून चहा मागतात," कमल म्हणायची. "माझा तोंड बघायला मागतो."

"मग देऊ नगंस."

"देते बाई. तेवढंच जवळ येऊन बसतात."

फुटाणे मानेभाऊंनी बंद केले. सुपारीची डबी त्यांनी वरच्या फळीवर ठेवली. कमलचा हात पोचायचा नाही. मग ती दुपारी ते झोपले की माझ्याकडे यायची. माझ्याकडे तिच्यासाठी फुटाण्यांचा डबा असायचा. ती मुद्दाम कॅपच्या बाजूनेच खायची. म्हणायची, आता या बाजूची भीती न्हाई. खाऊन झालं की चूळ भरायची, ओच्यातली टरफलं झाडायची आणि घरी जायची. सकाळी पास.

मग संदीपने मोशीला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. जेवणं झाली, पान-सुपारीचं तबक फिरायला लागलं आणि अडकित्ता कुठे सापडेना. नव्या घरात काहीच सापडत नसतं. बार्शीचा भाऊ म्हणाला, राहू द्या, सुपारीशिवाय पान खाऊ. तेव्हा मानेभाऊ बोलले. बोलायला नको होतं.

"आमच्या हिला अडकित्ता लागत न्हाई. झिर्कोनिया हाय."

पाहुण्यांनी विचारलं, म्हणजे काय. मानेभाऊंनी सांगितलं. फरशीवर पडल्याचं सांगितलं, रोज तपासतो ते सांगितलं. बोलता बोलता त्यांना चढलं. मुलाचं घर, जमलेली माणसं, सगळे ऐकतायत. त्यांनी अख्खी सुपारी उचलली आणि कमलच्या हातावर ठेवली.

"दाखव गं."

कमलने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. पण नवरा कधी नाही ते चारचौघांत तिच्याबद्दल कौतुकाने बोलत होता, मग तो तिच्या दाताबद्दल का बोलेना. तिने सुपारी दाढेखाली धरली आणि दाबली.

कट् असा आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला.

"बघा," मानेभाऊ म्हणाले. "गेली सुपारी."

कमलने तोंडाला पदर लावला. पदरात काढलं ते बघितलं. सुपारी अख्खी होती. शेजारी दाताचा तुकडा होता. कॅपचा नव्हे. वरच्या दाढेचा, तिच्या स्वतःच्या.

मानेभाऊंनी तो तुकडा उचलला आणि तसेच बसून राहिले. वाजवला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वरचा दात बघितला, मग खालची कॅप बघितली. कॅपला काही झालं नव्हतं. पण चमच्याने वाजवून वाजवून तिच्यावर बारीक ओरखडे आले होते. असा खरखरीतपणा समोरच्या दाताला घासत राहतो, मॅडम म्हणाल्या. त्यांनी कॅप घासून गुळगुळीत केली. वरचा दात भरून दिला. वरच्यालाही कॅप बसवू का, असं विचारलं तर कमल म्हणाली, "नको. हे दोन्ही वाजवत बसतील, माझा चहा कवा व्हायचा?"

"काका, चमचा बंद," मॅडम म्हणाल्या.

दारात आल्यावर मानेभाऊ मला म्हणाले, "अक्का, पार्ट बघितला, जोडी बघितली न्हाई." आणि आत गेले.

त्यानंतर चमचा बंद झाला. पण सकाळी खुर्ची सरकायची, "आ कर" यायचं. आता नखाने. नखाचा आवाज भिंतीतून येत नाही. मी नुसतं "पास" ऐकायचे आणि समजायचे.

अशी बरीच वर्षं गेली. कॅपला काहीही झालं नाही. मॅडमनी सांगितलेली मुदत उलटून गेली तरी ती जागेवर होती. मानेभाऊ ते कुणालाही सांगायचे, दूधवाल्यालाही.

मग एका दुपारी कमल माझ्याकडे आली. डबा पुढे घेऊन बसली. चार दाणे खाल्ले आणि डबा बाजूला ठेवला. हे कधी झालं नव्हतं.

"पाठ दुखतीय, अक्का. चार दिवस झालं. आज डावा हात पन."

"भाऊंना सांगितलंस?"

"त्यांना काय सांगायचं? दात असता तर सांगितलं असतं."

हसली आणि उठली. "चल, दवाखान्यात जाऊ," मी म्हणाले. ती म्हणाली, चहा करून येते, ह्यांची उठायची वेळ झाली. भिंतीपलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. मी गेले तेव्हा ती ओट्याखाली पडलेली होती आणि मानेभाऊ तिच्याजवळ बसले होते. गाडी आली, संदीप आला, मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदय बंद पडलं होतं. तिथं नेईपर्यंतच संपलं होतं.

म्हणून तिसऱ्या दिवशी मानेभाऊ राखेत कॅप शोधत बसले होते.

संदीप वाईट मुलगा नाही. बराच वेळ त्याने कळ काढली. मग खाली वाकून हळूच म्हणाला, "बाबा, पुरे. लोक थांबलेत. जळून गेली असेल ती."

"भट्टीत झालेली वस्तू हाय. लाकडानं जळत न्हाई."

"नाही सापडली तर काय होणारे?"

मानेभाऊंनी वर बघितलं. त्यांचे हात कोपरापर्यंत राखेने भरले होते, चष्म्यावर राख होती.

"मिळाली का, विचारती ती," ते म्हणाले.

संदीप मागे झाला.

बाजूच्या तिरडीबरोबरचा एक म्हातारा आमच्याकडे आला. "काय हरवलंय?"

"दात," मी म्हणाले.

"सोन्याचा?"

"न्हाई. सिरॅमिकचा."

म्हाताऱ्याने मानेभाऊंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आपल्या माणसांकडे परत गेला. त्यांना काय सांगितलं देव जाणे, पण त्यांनी घाई करायची सोडली आणि सावलीला जाऊन बसले.

मानेभाऊ शोधत होते, पण त्यांना शोधायची रीत नव्हती. पुरुषांना नसते. मूठभर राख उचलायची, बघायची आणि तिथंच टाकायची. तीच राख फिरून फिरून हातात. मी पदर खोचला.

"सरका, भाऊ. माझी शाळा चौथीपर्यंत, पन जन्मभर तांदूळ निवडलेत."

फुलं आणलेलं मोठं ताट रिकामं केलं. त्यात थोडी थोडी राख घ्यायची, वरून पाणी सोडायचं, ताट तिरपं करून हलवायचं. राख वाहून जाते, जड असेल ते खाली राहतं. तांदूळ धुतात तसंच. हाडं निघाली ती संदीपच्या मडक्यात. कोळसा बाजूला. बार्शीचा भाऊ माझ्यासमोर येऊन बसला आणि पाणी ओतायला लागला. तो रडत होता आणि ओतत होता, धार कधी ताटात पडायची, कधी माझ्या पायावर. मी त्याला काही म्हटलं नाही. मानेभाऊ राख भरून द्यायचे, मी धुवायची. डोक्याकडच्या बाजूने सुरुवात केली होती. तोंड कुठे असणार ते मला कळत होतं. तिला तिथं ठेवताना मी उभी होते.

ताटाच्या कडेला एक दाणा राहिला. हाड नव्हतं, कोळसा नव्हता. मी बोटाने घासला. वरची काजळी निघाली आणि खाली पांढरट दिसलं. आतून पोकळ. आतला दात जळून गेला होता, सिमेंट जळून गेलं होतं. तेवढं टरफल राहिलं होतं, चारी कोपऱ्यांसकट.

"घ्या," मी म्हणाले.

मानेभाऊंनी तळहातावर घेतली. लोट्यातलं थोडं दूध घालून धुतली. उन्हात धरून बघितली, एक बाजू, दुसरी बाजू. सगळी माणसं गोळा झाली होती. आता हा वाजवणार, असं मलाच काय, सगळ्यांना वाटलं.

त्यांनी मूठ मिटली.

"वाजवा की," मी म्हणाले.

"नको."

मग माझ्या एकटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "रोज सकाळी तिच्या तोंडापाशी बसत होतो, अक्का. नको तो पार्ट तपासत होतो."

"पाठीचं दुखणं वाजत न्हाई, भाऊ," मी म्हणाले. "उठा. त्यांना जागा द्या."

ते उठले. गुडघे धरले होते, संदीपने हात दिला.

दिवसकार्य झाल्यावर मानेभाऊ एकटेच दातांच्या दवाखान्यात गेले. रांगेत बसले. नंबर आल्यावर आत जाऊन मॅडमच्या टेबलावर मूठ उघडली. नर्सने मला नंतर सांगितलं. मॅडम आता तितक्या तरुण राहिलेल्या नाहीत. त्या खुर्चीतून उठल्या. मानेभाऊ म्हणाले, "जाब न्हाई, मॅडम. सापडली, एवढंच सांगायला आलो." कॅप खिशात टाकली आणि बाहेर आले. ती आता कमलच्या सुपारीच्या डबीत आहे. डबी त्यांनी वरच्या फळीवरून खाली आणून ठेवलीय, तिचा हात पोचेल अशी.

संदीप त्यांना मोशीला न्यायला आला होता. गेले नाहीत. तिकडच्या भिंती पोकळ वाजतात म्हणाले.

पलीकडून सकाळी काही यायचं नाही. खुर्ची नाही, "आ कर" नाही, आधण नाही. मला उगाच उशिरा जाग यायला लागली. मी स्वतःशी म्हटलं, म्हातारी झालीस. आणि तसंच चाललं होतं. मग एका सकाळी मी कणीक मळत असताना भिंतीवर आवाज आला. टक टक टक. पेराने. मी हात धुतले नाहीत. पोळपाटावरचं लाटणं उचललं आणि भिंतीवर तीनदा मारलं.

पलीकडे शांत झालं. मग ऐकू आलं, "पास."

दुपारी भेटले तेव्हा मी विचारलं, "काय तपासत होता?"

"भिंत."

"आत पोकळी हाय म्हनाला होता ना?"

"असू दे," म्हणाले.

आता रोज वाजवतात. मी रोज लाटण्याने उत्तर देते. पोपडे पडतात, ते झाडून काढते. एकदा मला ताप होता, लाटण्यापर्यंत जायला उशीर झाला, तर हा माणूस चपला न घालता माझ्या दारात. त्या दिवशी त्यांनी त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे ठेवली आणि माझी एक मागून घेतली.

कमल गेली. आज सकाळी तिकडून टकटक आली आणि मी इकडून वाजवली. मानेभाऊ आहेत. मी आहे.